आठशे सहा नंबरची तार

पेटीत एक हजार चारशे बारा तारा होत्या, आणि त्यातल्या एकीला हेमलताशिवाय दुसऱ्या कुणाचा तरी हात लागला होता.

झाकण निघाल्यावर दोन मिनिटांत तिला ते दिसलं. ती बोलली नाही. तपासणी चालू असताना पेटी बांधणाऱ्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि पेटीला बोटही लावायचं नाही, असा नियम होता. भिंतीकडच्या लोखंडी खुर्चीत ती बसून राहिली. दारातून बाहेरचा गलका आत येत होता.

बाहेर दोन गावं उभी होती. कालव्याच्या या तीरावर सावळखेडची माणसं, त्या तीरावर उंबरमाळची, मध्ये कोरडा कालवा आणि चार पोलीस. इथेच कालव्याला दोन फाटे फुटत. एक जवळच्या उंबरमाळला जाई, दुसरा सात किलोमीटर खाली सावळखेडला. दोन्ही फाट्यांवर लोखंडी दारं होती आणि कुठलं दार केव्हा बंद व्हायचं ते चौकीतली ही पेटी ठरवत असे. मागच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं तेव्हा, सावळखेडचं दार दोन तृतीयांश पाणी जाताच खाली आलं. पेटीच्या मते वाटा पुरा झाला होता. आता उन्हाळ्याचं शेवटचं आवर्तन उरलं होतं. तेही असंच गेलं तर सावळखेडच्या लिंबाच्या बागा सरपणाला जाणार, हे तिथल्या पोराटोरांनाही कळत होतं.

"चारशे एक," भास्कर म्हणाला.

"चारशे एक," ऋतुजानं नकाशावर बोट ठेवलं. "नवाची तीन ते अकराची सात."

भास्करनं दोन सुया नवव्या भागाच्या तिसऱ्या आणि अकराव्याच्या सातव्या पिनेला लावल्या. यंत्र पी करून वाजलं. पुढची तार.

भास्कर उंबरमाळचा तपासनीस, ऋतुजा सावळखेडची. भास्कर हेमलताचा धाकटा भाऊ, ऋतुजा तिची मुलगी. मामा-भाची तीन तास एका टेबलाशी बसले होते आणि तारांच्या आकड्यांपलीकडे एक शब्द बोलले नव्हते. हेमलताच्या वडिलांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी भास्करनं तिच्याकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली होती. तिनं ती दिली. ऋतुजानं तेव्हापासून मामाला मामा म्हणणं सोडलं होतं.

अशी पेटी पंधरा वर्षांपूर्वी कुणी पुढ्यात ठेवली असती तर लोक हसले असते. तेव्हा कालव्याची दारं नखाएवढी चिप चालवत होती. मग एका प्रयोगशाळेनं दाखवून दिलं की चिप घडतानाच तिच्यात काही मोजके भाग असे लपवता येतात की ते वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि ठरलेली खूण मिळाली की जागे होतात. चाचणी घेऊन ते सापडत नाहीत, कारण खूण काय ते चाचणी घेणाऱ्याला ठाऊक नसतं. चिप थर थर खरवडून पाहिली तरच दिसतात, आणि खरवडलेली चिप पुन्हा चालत नाही. आपल्या दारावरच्या चिपमध्ये असं काही आहे का, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. भांडणाला तेवढं पुरलं. त्या उन्हाळ्यात राज्यात अकरा ठिकाणी दारं फोडली गेली.

त्यातून उघड्या पेटीचा कायदा आला. जिथे दोन गावांचं पाणी एका दारातून वाटलं जातं तिथे यंत्रात असा एकही भाग नको, जो माणसाला सुटा काढून पुरता तपासता येत नाही. म्हणून अगदी साधे भाग. एखाद्याला सोळा प्रश्न विचारता येत असतील तर सोळाच्या सोळा विचारायचे, उत्तरं पडताळायची आणि मग तो पेटीत बसवायचा. छापील बोर्डालाही मनाई, कारण त्याच्या थरांमध्ये काय जोडलंय ते वरून दिसत नाही. प्रत्येक जोड डोळ्यांना दिसणाऱ्या तारेनं करायचा.

तोही डाग न देता, म्हणजे सोल्डर न लावता. डागाच्या थेंबाखाली काय दडलंय ते कोण सांगणार? त्यापेक्षा जुनी, टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातली पद्धत बरी होती. चौकोनी पिन, तिच्या चार धारदार कडा. पेन्सिलीएवढ्या हत्याराच्या टोकात उघडी तार घालायची आणि पिनेभोवती ओढून सात वेढे घालायचे. प्रत्येक वेढ्यात चार कडा तांब्यात रुततात. सात चोक अठ्ठावीस चावे. चावा इतका घट्ट की मध्ये हवासुद्धा शिरत नाही, त्यामुळे जोड गंजत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. उलट्या हत्यारानं तो अर्ध्या मिनिटात सोडवताही येतो. फक्त एक गोष्ट करायची नाही. सोडवलेली तार पुन्हा घालायची नाही. तिला आधीच अठ्ठावीस चावे बसलेले असतात. दुसऱ्यांदा ओढली की ती त्याच जागी चिरते, आणि आज घट्ट वाटलेला जोड महिन्याभरात ढिला होतो.

हे शिकवायला खात्यानं भोसरीहून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बेंद्रेबाईंना शोधून आणलं होतं. त्यांनी तरुणपणी दहा वर्षं एक्स्चेंजचे बोर्ड बांधले होते. तालुक्यातून तीन माणसं त्यांच्या परीक्षेत उतरली: हेमलता, भास्कर आणि ऋतुजा. तिघंही हेमलताच्या नवऱ्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात घडलेली. नवरा वारला, दुकान बंद पडलं, पण तांब्याची तार बोटांना ओळखीची राहिली. पेटी कुणी बांधायची यावर दोन्ही गावांचं पहिल्या बैठकीत एकमत झालं, आणि असं एकमत त्यापूर्वी कधी झालं नव्हतं. उंबरमाळनं म्हटलं, आपली लेक आहे. सावळखेडनं म्हटलं, आपली सून आहे.

आता उंबरमाळ तिला सावळखेडची सून म्हणत होतं आणि सावळखेड उंबरमाळची लेक.

"आठशे सहा," भास्कर म्हणाला.

ऋतुजाचं बोट त्या ओळीच्या पुढे गेलं आणि मागे आलं. मग म्हणाली, "बत्तीसची पाच ते चाळीसची एक."

यंत्र वाजलं. नियमाप्रमाणे भास्करनं लाकडी काडीनं पिनेवर हलकेच टिचकी मारली. पी तुटला, पुन्हा आला, पुन्हा तुटला.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या उपअभियंता इनामदार मॅडमनी चष्मा वर केला. "परत मारा."

परत तेच झालं.

"ही तार कशाची?"

"सावळखेडच्या मोजणीची," हेमलता म्हणाली. तिला आता विचारलं गेलं होतं. "फाट्यातलं चाक फिरतं, तसा एकेक ठोका या तारेतून मोजणीकडे जातो. जोड ढिला असेल तर मधूनच चाकाच्या एका ठोक्याला तार दोनदा-तीनदा थरथरते. मोजणी एकाचे तीन धरते. पाणी कमी जातं आणि वाटा लवकर भरतो."

"आपोआप ढिला होईल?"

"मी घातलेला नाही होणार."

इनामदार मॅडमनी भिंग लावून पिन पडद्यावर मोठी केली. वेढ्यांमध्ये तांब्यावर जुन्या चाव्यांच्या रांगा दिसत होत्या, एकावर एक, तिरक्या. "ही काढून पुन्हा घातलीय," त्या सावकाश म्हणाल्या. "एकदा नाही, दोनदा. हे पेटीशी छेडछाडीचं प्रकरण झालं."

दारातल्या माणसानं ते ऐकलं आणि बाहेर ओरडून सांगितलं. मग बाहेरचं काही ऐकू येईना, इतका आवाज झाला. एक दगड पत्र्यावर आपटला.

मॅडमनी नियम वाचून दाखवला. वाचताना त्यांचा आवाज वर गेला नाही. छेडछाड करणारा हात कुणाचा हे पेटी बांधणाऱ्यानं शपथेवर सांगितलं, तर तेवढी तार बदलून पेटी त्याच दिवशी चालू करता येते. सांगता आलं नाही, तर पेटी पूर्ण सोडवायची आणि नवी बांधायची. त्याला चाळीस दिवस. तोवर दोन्ही दारं बंद.

"चाळीस दिवसांत पावसाळा येईल," भास्कर म्हणाला.

"मला कॅलेंडर येतं," मॅडम म्हणाल्या. "हेमलताबाई, कुणाचा हात ते तुम्हाला ओळखता येईल? मला वेढे दिसतात. हात दिसत नाही."

"एक तास द्या."

"अर्धा देते. बाहेरची माणसं तासभर थांबतील असं मला वाटत नाही."

चौकीच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत हेमलता पोचते न पोचते तोच दिनकर शेवाळे आला. तिचा चुलत दीर, सावळखेडच्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष. त्याच्या सदऱ्याला घामानं नकाशे पडले होते.

"वहिनी, लई विचार करू नका. एकच नाव घ्यायचंय."

"कुणाचं?"

"आता मीच सांगू का? पाणी कुणाचं तुटलं? आमचं. मग तार कोण ढिली करणार? आम्ही आमच्याच पायावर कुऱ्हाड मारू व्हय?" तो खोटं हसला. "त्यानं तुमची जमीन लिहून घेतली तेव्हा तुम्ही गप बसलात. तेव्हाबी आम्ही म्हटलं, जाऊ द्या, माहेर आहे. आता गप बसलात तर गाव म्हणंल, बाईचा जीव अजून तिकडंच आहे."

"गाव काय म्हणेल ते तुम्ही ठरवून आलाय."

"ठरवायला कशाला लागतंय? बाहेर जाऊन ऐका की."

तो गेला. त्याच्यामागे दहा पावलांवर भास्कर उभाच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि ते लपवलंही नाही.

"अक्का, मला दिसलंय."

"काय दिसलंय?"

"तार पिनेच्या उजव्या अंगानं निघालीय."

हेमलतानं टाकीला पाठ टेकली. तिला झाकण निघताच दिसलं होतं ते हेच. तार हत्यारात घातली की बाहेर उरलेला भाग एका बाजूला दुमडून दुसऱ्या हातानं धरून ठेवावा लागतो. उजव्या हातानं काम करणारा माणूस तो डावीकडे दुमडतो. पेटीतल्या एक हजार चारशे अकरा तारा पिनांच्या डाव्या अंगानं निघत होत्या. आठशे सहा तेवढी उजवीकडून. तिघांत डावखुरं माणूस एकच होतं.

"मग सांग ना आत जाऊन," ती म्हणाली.

"मी सांगितलं तर म्हणतील, यानंच मुद्दाम डाव्या हातानं घातली. वरच्या गावाच्या माणसाचं कोण ऐकतंय? तुझ्या तोंडून यायला पाहिजे." तो जवळ आला. "तू माझं नाव घेशील. मला माहितेय. पाच वर्षं वाट बघितलीस."

"हक्कसोडीचा कागद बरोबर आणला असतास तर आज फाडून घेतला असता मी. तेवढ्यावर तू सुटला असतास."

भास्करचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. "खरंच?"

"नाही," हेमलता म्हणाली. "पण तू आणायला धावला असतास."

तो वळला आणि तोंडातल्या तोंडात शिवी देत निघून गेला.

ऋतुजा चौकीच्या पायरीवर बसली होती. आई समोर येऊन उभी राहिली तरी तिनं मान वर केली नाही.

"नवी तार का नाही घेतलीस?" हेमलतानं विचारलं.

ऋतुजानं झटकन वर पाहिलं. "हे विचारतीयस तू? पहिला प्रश्न हा?"

"जुनी चिमटीत ओढून सरळ केलीस. दुकानात करायचीस तशी. किती वेळा सांगितलं, मोटारीत चालतं ते इथं चालत नाही."

"नवी तार तुझ्या कुलपात असते. वीतभर मागितली तरी वहीत लिहून देतेस. काय सांगणार होते, कशाला हवीय?" तिचा आवाज दबका होता, पण प्रत्येक शब्द फेकून मारल्यासारखा येत होता. "पहिल्यांदा मी शेजारच्या पिनेवर नेली. सहाव्या. आठातला एक ठोका मोजणीत धरायचा नाही, एवढंच. फेब्रुवारीचं आवर्तन. गावाला सातव्या हिश्शानं जास्त मिळालं. दिनकरकाकांनी पेढे वाटले. त्यांनाही माहीत नव्हतं. मग मला झोप लागेना. पुढच्या साफसफाईला जाऊन परत जाग्यावर ठेवली. परत ठेवली मी, आई! आता नकाशाप्रमाणेच आहे सगळं."

"आणि त्याच तारेनं ठेवलीस."

"हो, त्याच तारेनं!"

साफसफाई महिन्यातून एकदा होत असे. दोन्ही तपासनिसांनी मिळून झाकण काढायचं, धूळ फुंकायची, सही करायची. गेले पाच महिने मामा-भाचीनं ती एकाआड एक वाटून घेतली होती. एका खोलीत अर्धा तास एकमेकांचं तोंड बघायला दोघंही तयार नव्हते. दोघंही दुसऱ्याच्या पाळीची आपली सही आगाऊ करून ठेवत. हेमलताला ते ठाऊक होतं. भांडणापेक्षा हे बरं, असं तिनं तेव्हा ठरवलं होतं.

"तुझ्या भावाचं नाव घे," ऋतुजा म्हणाली. आता ती उभी राहिली. "तोही एकटा बसलाय पेटीपाशी. तोही दुकानात होता, तार ओढायला त्यालाही येते. तू म्हणशील तेच लागणार. पाणी सुटेल. गाव तुला डोक्यावर घेईल. ज्यानं तुला फसवलं त्याला बसेल ते बसेल. तुझं काय जाणार आहे?"

हेमलतानं चौकीच्या दाराकडे पाहिलं.

"की तुला तुझी पेटी जास्त प्यारी आहे?"

"ती माझी नाही. दोन गावांची आहे."

"मी तुझी आहे का?"

हेमलतानं उत्तर दिलं असतं. काय दिलं असतं ते तिलाही नंतर कधी ठरवता आलं नाही. तेवढ्यात इनामदार मॅडमचा शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बाई, अर्धा तास झाला."

जबाब उघड्यावर व्हायचा होता. चौकीच्या ओट्यावर ध्वनिक्षेपक लावला होता. पेटीचं भिंगातलं चित्र पांढऱ्या पडद्यावर पडलं होतं आणि दोन्ही तीरांवरून दिसत होतं. पिना झाडाच्या बुंध्यांएवढ्या. हेमलतानं शपथ घेतली. गर्दी शांत झाली नाही, पण थोडी खाली आली.

ती बातमी वाचावी तशी बोलली. "तार दोनदा काढून घातलीय. पहिल्यांदा बत्तीसच्या सहाव्या पिनेवर नेली होती. त्या पिनेच्या कडेवर ताजा ओरखडा आहे. तो बघा. तिथं तार नेली की खालच्या फाट्याला सातव्या हिश्शानं जास्त पाणी जातं. नंतर ती परत पाचवर आणली. तारेवर चाव्यांच्या तीन रांगा आहेत. पहिली माझी. तार तीच वापरली म्हणून ढिली झाली, आणि म्हणून मागच्या वेळी खालचं पाणी तुटलं."

सावळखेडच्या बाजूनं कुणी तरी ओरडलं, "नाव सांग, नाव! शाळा नको घेऊस!"

"बाकीच्या तारा कुठल्या अंगानं निघाल्यात ते बघा. डाव्या. ही उजव्या. ही डावखुऱ्या माणसानं घातली." तिनं पडद्याकडे दाखवलेलं बोट खाली घेतलं. "हात ऋतुजा शेवाळे हिचा आहे. माझ्या मुलीचा. दोघं तपासनीस एकेकटे पेटी उघडत होते हे मला पाच महिने माहीत होतं. मी कळवलं नाही. तेही लिहून घ्या."

मग उंबरमाळच्या तीरावर शिट्ट्या सुरू झाल्या. "चोर! चोर!" ते लयीत ओरडू लागले. सावळखेडची माणसं मात्र पलीकडे बघत नव्हती. ती ओट्याकडे बघत होती. एक चप्पल आली आणि हेमलताच्या खांद्याला लागून पडद्यावर आदळली. ती कुणी फेकली ते तिला दिसलं. दर आषाढात तिच्याकडून पंपाची जळलेली मोटार फुकट तारेनं भरून नेणारा माणूस होता तो.

इतकी वर्षं या दोन गावांना दोष द्यायला यंत्र होतं. चिप बदलून टाका म्हणून ओरडता येत होतं, दिलेल्या शिव्या चिपला ऐकू येत नव्हत्या. उघड्या पेटीनं ती सोय काढून घेतली होती. आता यंत्र स्वच्छ होतं, आणि दोषाला जायला माणसाखेरीज जागा नव्हती.

मॅडमनी तिथेच दोन कागद लिहिले. ऋतुजाचा परवाना रद्द, पोलिसांत तक्रार. भास्कर आणि हेमलता यांचे परवाने निलंबित, पण तार बदलून तपासल्यानंतर. हेमलतानं कुलपातून निळ्या तारेचं रीळ काढलं, वीतभर तार कापली, दोन्ही टोकं सोलली. सात वेढे, आणि दुसऱ्या टोकाला सात. भास्करनं काडीनं टिचकी मारली. पी तुटला नाही.

सायंकाळी पाचला दोन्ही दारं वर गेली.

सावळखेडला पाणी पोचलं. पुरतं पोचलं, ठोक्याला ठोका. पेटीचं राज्य गावाच्या शिवेपर्यंत होतं. त्यापुढे शेतांकडे जाणाऱ्या चारीवर छोटी दारं होती, हातानं फिरवायची, आणि कुणाला कधी द्यायचं ते संस्थेनं ठरवलेल्या पाळीप्रमाणे पाटकरी बघत असे. हेमलताची पाळी शनिवारी होती, दहा ते दोन.

ती पावणेदहाला खोरं घेऊन चारीवर आली तेव्हा तिच्या दाराशी सहा माणसं उभी होती. दिनकर पुढे. त्यांच्यामागे ऋतुजा. जामीन झाल्यापासून ती दिनकरच्याच घरी राहत होती. पाटकरी गुलाब मुलाणी एका बाजूला मान खाली घालून उभा होता.

"गुलाबभाऊ, दहा वाजतायत," हेमलता म्हणाली.

"ताई, ते..." त्यानं दिनकरकडे पाहिलं.

"तुमचं दार उघडायचं नाही असं ठरलंय, वहिनी," दिनकर म्हणाला.

"कुठल्या बैठकीत?"

"बैठक कशाला लागती? सगळ्यांचं मत आहे. पोरीला पोलिसांत दिलीत. गावाला चोर ठरवलंत. वरची माणसं आता बाजारात आमच्या तोंडावर थुंकतात. तुमच्या झाडांना पाणी कुठल्या तोंडानं द्यायचं?"

"झाडं तिच्या बापानं लावलीत." हेमलतानं ऋतुजाकडे बोट केलं नाही, पाहिलंही नाही. "माझ्या एकटीची नाहीत."

"आता बापाची आठवण झाली व्हय?" मागून एक जण म्हणाला. दोघं-तिघं हसले.

ती परत फिरेल असं त्यांना वाटलं होतं. ती बांधावर गेली, उपडं पडलेलं घमेलं उचललं, दारापासून चार हातांवर पालथं ठेवलं आणि त्याच्यावर बसली.

"हे काय?"

"माझी पाळी दोनपर्यंत आहे. दार बंद ठेवायचं तर ठेवा. मी बघत बसते. कोण कोण ठेवतंय ते."

"शाप द्यायला बसलीय," मागचा तोच म्हणाला.

"तुझं नाव काय रे? संपत ना? हां. तू बस माझ्यासमोर. तोंड दिसू दे."

अकरापर्यंत ते तिच्याशी बोलत होते, म्हणजे तिच्याविषयी एकमेकांशी, मोठ्यानं. मग विषय संपला. ऊन वर आलं. चारीतून पाणी दाराला घासून पुढे जात होतं, आणि त्याचा थंड वास येत होता. साडेअकराला संपतला घरून फोन आला. तो फोन कानाला लावूनच गेला, परत आला नाही. बाराला आणखी दोघं गेले. एक जण जाताना तिच्या बाजूनं न जाता लांबून, काट्यांतून गेला. ती प्रत्येकाकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. दिनकर मधूनमधून सावली शोधत जागा बदलत होता. सावली कुठेच नव्हती.

साडेबाराला तो उठला. "ऋतुजा, मी जेवून येतो. तू आहेस ना?"

"आहे."

"गुलाब, हलू नकोस."

गुलाब मुलाणी हलला नाही, पण दिनकरची मोटारसायकल गेल्यावर तो लांब जाऊन एका सुकलेल्या लिंबाखाली पाठ करून बसला. उरलेले दोघं दिनकरच्या मागोमाग चालू लागले होते.

मायलेकी राहिल्या.

"सातव्या ओळीची पानं गळायला लागलीत," ऋतुजा शेवटी म्हणाली. रागानंच.

"हो."

"आज नाही मिळालं तर बारा दिवस काही नाही."

"हो."

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

हेमलतानं घड्याळाकडे पाहिलं. "एक वाजून दहा," ती म्हणाली.

"मला घड्याळ कळतं!"

ऋतुजा दोनदा उठली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा एक वाजून पस्तीस झाले होते. ती दाराशी गेली. डावा हात चाकावर ठेवला. रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. गुलाबची पाठ तशीच. तिनं दुसरा हातही चाकावर ठेवला.

"कुणी नसताना उघडू नकोस," हेमलता म्हणाली.

ऋतुजा तशीच थांबली. तिच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. आता ही चाक सोडून अंगावर येईल असं हेमलताला वाटलं, आणि ती घमेल्यावरून हलली नाही.

"दिनकरला बोलाव. मग उघड."

"तोवर दोन वाजतील."

"वाजू देत."

ऋतुजानं एक घाण शिवी हासडली. ती आईला होती की दिनकरला की चाकाला, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं फोन काढला.

"काका, मी ऋतुजा. आईचं दार उघडतीय. बघायला या. नाही, तुम्हाला विचारत नाहीये. सांगतीय." तिनं फोन कमरेला खोचला आणि वळून ओरडली, "गुलाबचाचा! इकडं तोंड करा!"

गुलाबनं तोंड केलं. चाक गंजलेलं होतं, पहिल्या फेरीला किंचाळलं. पाणी दाराखालून फुटलं आणि पाटात पसरलं. हेमलता खोरं घेऊन उठली होती, ती पुढे धावली आणि पहिल्या ओळीचं मातीनं बुजवलेलं बारं फोडलं. दोघी एकमेकींशी काही न बोलता पाणी फिरवत गेल्या. दिनकरची मोटारसायकल बांधावर येऊन थांबली. तो काही तरी ओरडत होता. त्याच्यामागून संपत आणि आणखी चौघं चालत येत होते. कुणी पाटात उतरलं नाही.

चौथ्या ओळीच्या अर्ध्यावर पाणी पोचलं तेव्हा हेमलतानं घड्याळ पाहिलं, खोरं टाकलं आणि चिखलाच्या पायांनी चालत ती दारापाशी आली.

"अजून सातवी ओळ राहिलीय!" ऋतुजा पाटातून ओरडली.

दोन वाजले होते. हेमलतानं स्वतःच्या हातानं चाक फिरवून दार पुरतं बंद केलं. पुढची पाळी दिनकरची होती.